एमजीचं एमएल कसं करायचं? चार्ट आहे का कुणाकडे

वार्डातली_नवी

नमस्कार ताई-दादा लोक. मी जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) सेकंड इयर, गाव रावेरकडचं. सध्या पोरांच्या वार्डात पोस्टिंग आहे. आज जे झालं ते लिहिते म्हंजे प्रश्न कळेल, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

एका दहा किलोच्या बाळाला अमिकासिन हे अँटिबायोटिक ७५ एमजी बीडी, म्हंजे दिवसातून दोनदा, चालू आहे. चार दिवस इनचार्ज सिस्टर समोर उभ्या राहून माझ्याकडूनच भरून घेत होत्या. व्हायल १०० एमजीची, २ एमएल, म्हंजे ७५ ला दीड एमएल. डोक्यात एकदम फिट बसलं होतं, ७५ म्हटलं की दीड. आज स्टोअरमधून दुसऱ्या व्हायल आल्या. तेवढीच बाटली, तेच २ एमएल, टोपी पण जवळपास तशीच. मी सवयीनं दीड एमएल ओढलं आणि सिस्टरनी हात धरला. म्हणे लेबल वाच. वाचलं तर २५० एमजी. म्हंजे मी दिलं असतं १८७.५ एमजी, अडीच पट. आरडाओरडा काही केला नाही त्यांनी, फक्त म्हणाल्या आज तू भरू नको, बघ. त्याचंच जास्त लागलं.

होस्टेलला येऊन नेटवर शोधलं तर एका ठिकाणी चक्क लिहिलंय १ एमएल = १००० एमजी. मग तसं धरलं तर ७५ एमजी म्हंजे ०.०७५ एमएल होतं, हे तर कुठेच बसत नाही. आमच्या ट्यूटर मॅडमनी ग्रॅम-एमजी-एमसीजी (मायक्रोग्रॅम) सगळं शिकवलंय, १००० नी गुणा, १००० नी भागा, ते येतं मला. पण एमजीचं एमएल करताना कशानं गुणायचं हेच कळत नाही. असा काही चार्ट आहे का, पाठ करून टाकते. दहावीला गणितात ६१ होते, त्यामुळे जरा सोपं करून सांगा 🙏

नाईटवाली_सिस्टर

बेटा आधी पाणी पी. बाळाला गेलं नाही ना, मग झालं. आमच्यापैकी जी म्हणते माझ्या हातून असं कधीच झालं नाही ती एकतर खोटं बोलते नाहीतर तिनं कधी लेबल तपासलंच नाही.

आता तुझा प्रश्न. चार्ट नाही. होऊच शकत नाही. एमजी हे वजन आहे आणि एमएल हे माप. ग्रॅमचं एमजी करणं म्हंजे रुपयाचे पैसे करणं, जळगावात करा की नंदुरबारला, शंभरच येणार. पण एमजीचं एमएल विचारणं म्हंजे "अर्ध्या कपात साखर किती" असं विचारणं. कुठल्या टपरीचा चहा ते सांग आधी! स्टँडसमोरचा गोड, कॉलेजजवळचा फिक्का, कप तेवढाच. तुझ्या अमिकासिनचं तेच झालं. १०० ची, २५० ची आणि ५०० ची, तिन्ही व्हायल २ एमएलच्या येतात. कप तोच, साखर वेगळी.

नेटवरचं १ एमएल = १००० एमजी हे पाण्याचं वजन आहे. १ एमएल पाणी १ ग्रॅम भरतं, बरोबरच आहे ते, पण तुला पाण्याचं वजन कशाला पाहिजे, तुला त्यात औषध किती विरघळलंय ते पाहिजे. ते साइटला माहीत नसतं, लेबलला माहीत असतं.

मी काय करते सांगते. व्हायल हातात आली की पहिले "एका एमएलमध्ये किती" हे काढून मोकळी होते.

१०० एमजी २ एमएलमध्ये, म्हंजे एकात ५०. ७५ भागिले ५० = १.५ एमएल.
२५० एमजी २ एमएलमध्ये, म्हंजे एकात १२५. ७५ भागिले १२५ = ०.६ एमएल.
५०० ची येऊ दे, तेव्हा तू काढ आणि इथे लिही. मी बघते.

ब्रदर_धुळे

ताईंनी गोष्ट छान सांगितली पण परीक्षेत चहा-साखर लिहून मार्क मिळत नाहीत 😄 फॉर्म्युला पाठ कर, डिझायर्ड अपॉन हॅव इंटू क्वांटिटी. ऑर्डर किती, भागिले हातात किती, गुणिले ते कितीमध्ये आहे. ७५ भागिले २५० गुणिले २ = ०.६. विषय संपला. मी आयसीयूत आहे, आम्ही ह्याच फॉर्म्युल्यावर सगळं चालवतो, डोपामिन (बीपी वाढवायचं औषध) वगैरे पण. उदा. ६० किलोचा पेशंट, डोपामिन ५ एमसीजी पर किलो पर मिनिट, २०० एमजी ५० एमएलमध्ये केलंय. ५ गुणिले ६० = ३०० एमसीजी. २०० एमजी ५० मध्ये म्हंजे १ एमएलमध्ये ४ एमजी म्हंजे ४००० एमसीजी. ३०० भागिले ४००० = ०.०७५. पंपावर (औषध हळूहळू सोडणारं मशीन) ०.०७५ लावायचं. सोप्पं.

नाईटवाली_सिस्टर

ब्रदर, पंपावर ०.०७५ लावून बघा बरं एकदा.

ब्रदर_धुळे

का काय झालं

नाईटवाली_सिस्टर

पंप मिनिटावर चालतो की तासावर?

ब्रदर_धुळे

अर्रर्र. हो. ६० नी गुणायचं राहिलं. ०.०७५ एमएल मिनिटाला, तासाला ४.५ एमएल. पंपावर ४.५. रात्रीचे दोन वाजलेत, सोडा. (ड्यूटीवर असं करत नाही, तिथे आमचा चिकटवलेला तक्ता आहे 🙏)

नाईटवाली_सिस्टर

तक्ता आहे ते चांगलंय. पण नवीनसाठी लिहून ठेवते, फॉर्म्युला चुकला नव्हता ब्रदरचा, युनिट मध्येच टाकून दिलं होतं. ३०० एमसीजी लिहिलं, "पर मिनिट" लिहिलंच नाही, म्हणून शेवटी काय आलंय तेच कळलं नाही. आकड्याच्या मागे त्याचं शेपूट लिहायचंच, प्रत्येक ओळीला, कितीही कंटाळा आला तरी. एमसीजी पर मिनिट, एमजी पर एमएल, एमएल पर तास. शेपटं एकमेकांना कापत गेली आणि शेवटी एमएल पर तास उरलं तर समजायचं गणित बरोबर रस्त्यानं आलंय.

मेडिकलवाला_अमळनेर

अरे भो मी नर्सिंगचा नाही पण काउंटरवर रोज हेच भोगून राहिलो म्हणून लिहितो. पॅरासिटामॉलच घ्या ना. लहान पोरांचं तीन प्रकारात येतं. ड्रॉप्स १ एमएलमध्ये १०० एमजी. सिरप ५ एमएलमध्ये १२५. आणि दुसरं सिरप ५ एमएलमध्ये २५०. समजा ८ किलोचं पोर, डॉक्टरनं किलोला १५ धरून १२० एमजी सांगितलं. ड्रॉप्स असतील तर १.२ एमएल, १२५ चं सिरप असेल तर ४.८, २५० चं असेल तर २.४. तीन बाटल्या, तीन उत्तरं, औषध तेच.

आता घरी काय होतं. डॉक्टरनं मागच्या वेळी सांगितलेलं असतं "५ एमएल द्या", ते सिरपचं. ह्या वेळी घरात असतात ड्रॉप्स. आजी ५ एमएल ड्रॉप्स पाजते, म्हंजे ५०० एमजी, ८ किलोच्या पोराला चौपट. म्हणून मी कुणी "तापाचं औषध द्या, ५ एमएलवालं" म्हटलं की आधी विचारतो जुनी बाटली कुठंय, बाटली दाखवा.

आणि चमचा! परवा एक आजी आली, "भाऊ, चमचाभर दिधं ना पोऱ्याले, ताप काय उतरना नही." म्हटलं चमचा कोणता, तर पिशवीतून काढून दाखवला. मसाल्याच्या डब्यातला तो इवलासा. म्हटलं आजी ह्यात दोन एमएल तरी मावतं का. टीस्पून म्हंजे ५ एमएल हे पुस्तकात, आपल्या घरात पोह्याचा चमचा, साखरेचा चमचा, आमटीचा डाव सगळेच "चमचा". बाटलीवर रेघा असलेलं टोपण येतं, तेच वापरायचं, आणि ते हरवलं तर माझ्याकडून सिरिंज न्या फुकट, सुई काढून देतो.

अजून एक सांगतो, हे कुणी सांगत नाही. चिठ्ठीवर मराठी आकडे लिहू नका. मी एकदा मराठीत "१ एमएल" लिहून दिलं. त्यांचा पोरगा इंग्लिश मीडियमचा, त्यानं आपला एक हा इंग्रजी नऊ वाचला. नशीब ड्रॉपरवर एकच्या वर रेघच नव्हती म्हणून त्याला शंका आली आणि फोन केला. तेव्हापासून मी अक्षरात लिहितो. एक. दोन. अर्धा. हस्ताक्षर खराब आहे माझं पण अक्षरात कुणी एकाचं नऊ वाचत नाही.

वार्डातली_नवी

बापरे एकाचं नऊ हे डोक्यातच आलं नव्हतं. मी पण डायरीत कधी मराठी कधी इंग्रजी आकडे लिहिते, उद्यापासून बंद.

ताई ५०० ची काढली. एकात २५०, ७५ भागिले २५० = ०.३ एमएल. बरोबर?

नाईटवाली_सिस्टर

बरोबर. आता गंमत बघ, १.५, ०.६, ०.३. व्हायलमध्ये औषध वाढत गेलं तसं तुझं एमएल कमी होत गेलं. हे डोक्यात राहू दे. नवीन व्हायल जास्त पॉवरची आली आणि तुझं उत्तर मागच्यापेक्षा मोठं आलं तर कुठेतरी उलटं भागलंस.

पॉइंटचं पण सांगते. ०.५ लिहायचं, टिंबाच्या आधीचं शून्य सोडून नुसतं पॉइंट पाच लिहायचं नाही. टिंब कागदाच्या घडीत जातं, नाहीतर झेरॉक्समध्ये जातं, आणि पाच उरतात. आणि उलट ५ एमजी ला ५.० लिहायचं नाही, टिंब गेलं की ५० होतात. मायक्रोग्रॅमचं ते ग्रीक चिन्ह हातानं लिहिलं की एमजीसारखं दिसतं, हजार पटीचा फरक आहे, म्हणून एमसीजी असं सरळ लिहायचं. इन्सुलिनच्या मागे नुसता यू काढायचा नाही, तो शून्यासारखा दिसतो, युनिट पूर्ण लिहायचं. सीसी पण लिहू नको, एमएल लिही. जुने डॉक्टर बोलताना "दोन सीसी दे" म्हणतात, ते चालतं, सीसी आणि एमएल एकच. पण कागदावर नको.

इन्सुलिनवरून माझंच सांगते. बरीच वर्षं झाली, एका खासगी दवाखान्यात होते मी, नाव सोडा. लाल टोपीच्या सिरिंज संपल्या म्हणून कुणीतरी नारंगी टोपीच्या आणल्या. व्हायल ४० युनिट पर एमएलची, जी आपल्याकडे सगळीकडे असते. लाल टोपी त्या ४० च्या इन्सुलिनसाठी असते, नारंगी १०० च्या. मी आणि दुसरी एक, आम्ही दोघी नारंगीवर २० ची रेघ बघून भरत राहिलो. दोन दिवस त्या काकांची शुगर खाली येईना. डॉक्टर म्हणे डाएट पाळत नाहीत, बायको डब्यात भात आणते. त्या बिचाऱ्या काकू रडायच्या बाकी. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. १०० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हंजे ०.२ एमएल, आणि आमच्या व्हायलचं ०.२ एमएल म्हंजे फक्त ८ युनिट. २० सांगितले, ८ जात होते. ह्याच्या उलट झालं असतं, १०० ची व्हायल आणि लाल सिरिंज, तर २० च्या रेघेवर अर्धा एमएल म्हंजे ५० युनिट गेले असते आणि काका झोपेतच गेले असते. मी जाऊन काकूंची माफी मागितली. बाकीच्यांनी नाही मागितली.

उपकेंद्र_धडगाव

रेंज आली म्हणून आत्ता वाचलं सगळं. मी एएनएम (उपकेंद्रातली नर्स), धडगावकडे, अकरा वर्षं. आमच्याकडे पंप-बिंप काही नाही, दोन हात आणि एक टॉर्च.

वर कुणी लिहिलं नाही पण वार्डात शिकवतात की उत्तर दोन अँप्युलच्या वर गेलं तर थांब, काहीतरी चुकलंय. चांगला नियम आहे, मी पण मानते. पण मॅगसल्फला (मॅग्नेशियम सल्फेट, झटक्यांचं औषध) तो नियम तुटतो आणि तिथे नवीन मुली घाबरतात. झटके आलेली गरोदर बाई पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या आधी १० ग्रॅम मॅगसल्फ मांसात द्यायचं, दोन्ही बाजूला ५-५ ग्रॅम खोल. अँप्युलवर लिहिलेलं असतं ५० टक्के, २ एमएल. आता टक्के म्हंजे काय? १०० एमएलमध्ये इतके ग्रॅम. ५० टक्के म्हंजे १०० एमएलमध्ये ५० ग्रॅम, १ एमएलमध्ये अर्धा ग्रॅम, २ एमएलच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम. म्हंजे १० ग्रॅमला दहा अँप्युल फोडायच्या, पाच ह्या बाजूला, पाच त्या बाजूला. दहा एमएलची सिरिंज बघून बाईची सासू ओरडते, माझ्याबरोबरची नवी मुलगी पण एकदा म्हणाली ताई दहा? नक्की दहा? म्हटलं शंका घेतलीस ते बरोबर केलंस, आता हिशोब करून मला दाखव आणि मग फोड. तिनं बाळंतिणीच्या कार्डाच्या मागे हिशोब केला, तोवर मी पहिल्या पाच फोडल्या होत्या.

टक्क्यासारखंच ते अॅड्रिनॅलिनचं एकास हजार. १००० एमएलमध्ये १ ग्रॅम, म्हंजे १ एमएलमध्ये १ एमजी. एकास दहा हजार म्हटलं की १ एमएलमध्ये ०.१ एमजी. आकडा मोठा दिसतो पण औषध पातळ असतं, इथे पण खूप जणी उलटं समजतात.

वार्डातली_नवी

ताई हे टक्केवारीचं आम्हाला एका ओळीत शिकवलं होतं, आज कळलं.

अजून एक विचारू का, ड्रिपचं. थेंब मोजायचं मला जमतं पण किती ठेवायचे ते काढता येत नाही. म्हंजे सलाईन ५०० एमएल ४ तासात. पप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणे अगं आपल्या केळीला ताशी ४ लिटरचे ड्रिपर आहेत, झाडाला दोन, तीन तास मोटर चालवली की झाडाला २४ लिटर, तू लहानपणापासून बघतेस आणि तुला ठिबक समजत नाही? म्हटलं पप्पा केळीला कमी-जास्त झालं तर चालतं. ते म्हणे नाही चालत, मे महिन्यात एक दिवस चुकलं तर पानं बघ. आणि रात्रीची लाईट असली की दोन वाजता उठून मोटर लावतात, म्हंजे त्यांची पण नाईटच.

नाईटवाली_सिस्टर

पप्पांना नमस्कार सांग, त्यांनी अर्धं गणित करून दिलंय. ताशी किती ते आधी काढ. ५०० भागिले ४ = ताशी १२५ एमएल. आता एका एमएलचे थेंब किती ते तुझ्या सेटच्या (सलाईनच्या नळीच्या) पाकिटावर छापलेलं असतं. साध्या सेटवर बहुतेक २० असतं, काहीवर १५, मायक्रो सेटवर ६०. पाकीट फाडायच्या आधी वाच, फाडून कचऱ्यात गेलं की मग अंदाज सुरू होतो.

१२५ गुणिले २० भागिले ६० = ४१.६७, थेंब अर्धा करता येत नाही म्हणून ४२ मिनिटाला.

वार्डातली शॉर्टकट अशी: २० चा सेट असेल तर ताशी एमएलला ३ नी भागायचं. १५ चा असेल तर ४ नी, म्हंजे ३१. मायक्रो असेल तर भागायचंच नाही, ताशी जेवढे एमएल तेवढेच मिनिटाला थेंब, १२५. पण शॉर्टकट का चालते ते एकदा कागदावर काढून बघ, नाहीतर २० च्या सेटला ४ नी भागशील आणि सलाईन सकाळपर्यंत चालेल.

निवृत्त_मेट्रन

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त आहे, भुसावळला राहते, नातवाने हे पान उघडून दिले. मुलींनो, तुम्हाला निदान एकच पद्धत शिकावी लागते. आम्ही शिकलो तेव्हा मेट्रिक येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी आमच्या सीनियर सिस्टर ग्रेन आणि औंसमध्येच बोलत. १ ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. तुम्ही रोज पॅरासिटामॉल ६५० ची गोळी देता ना, कधी विचार केलात का ६५० च का, ६०० किंवा ७०० का नाही? ते जुने दहा ग्रेन आहेत. ३२५ म्हणजे पाच ग्रेन.

आणि एकच शब्द दोन मापांना वापरला की काय होते हे जळगावच्या सराफ बाजारात जाऊन पाहा. माझ्या सासूबाईंची पाटली पाच तोळ्यांची. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता सराफ तोळा म्हणतो तेव्हा १० ग्रॅम धरतो. मोडायला नेली तेव्हा त्याने काट्यावर ठेवून सांगितले "आजी, ही पाच तोळे नाही, पाच तोळे आठ ग्रॅम भरते." मी म्हटले, बाबा, तुझ्या तोळ्याने. शब्द तोच, वजन दुसरे. म्हणून मी माझ्या मुलींना "अर्धी अँप्युल दे", "एक व्हायल दे" अशी तोंडी ऑर्डर घेऊ देत नसे. अर्धी कशाची? किती मिलिग्रॅमच्या अँप्युलची? फोनवर ऑर्डर आली तर लिहून घ्यायची, डॉक्टरांना परत वाचून दाखवायची, मिलिग्रॅमसकट. काही डॉक्टर चिडत. चिडू द्यावे.

मेडिकलवाला_अमळनेर

आजी पाच तोळे आठ ग्रॅम, आत्ताच्या भावात ते आठ ग्रॅम किती होतात माहितीये ना 😄

ब्रदर_धुळे

मेट्रन मॅडम "चिडू द्यावे" हे आमच्या आयसीयूच्या फळ्यावर लिहितो उद्या.

उपकेंद्र_धडगाव

नवी, झोपायच्या आधी तीन सोडव. उत्तर लिही, मी जागी आहे, आज एक बाई कळा देतेय.

१) थायरॉक्सिनची ऑर्डर ०.१ एमजी, पाकीट ५० एमसीजीचं. किती गोळ्या?
२) मॅगसल्फ ४ ग्रॅम, २० टक्क्याचं करून शिरेतून द्यायचंय, अँप्युल ५० टक्क्याच्याच आहेत. औषध किती एमएल, डिस्टिल्ड वॉटर किती? (ऑर्डर डॉक्टरची असते, तू फक्त गणित कर.)
३) जेंटामायसिन किलोला ४ एमजी. बाळाचं वजन काट्यावर १८०० ग्रॅम. व्हायल ८० एमजी, २ एमएल. किती एमएल?

वार्डातली_नवी

१) ०.१ एमजी म्हंजे १०० एमसीजी, ५० ची गोळी, दोन गोळ्या.
२) ४ ग्रॅम म्हंजे ४ अँप्युल म्हंजे ८ एमएल. २० टक्के म्हंजे १०० मध्ये २०, तर ४ ग्रॅम २० एमएलमध्ये पाहिजे. म्हणून ८ एमएल औषध, १२ एमएल पाणी. हे मी दोनदा केलं.
३) १८ गुणिले ४ = ७२ एमजी. एकात ४०. ७२ भागिले ४० = १.८ एमएल.

उपकेंद्र_धडगाव

पहिली दोन छान. तिसरं परत बघ. व्हायल केवढी आहे? २ एमएल. तू त्यातलं १.८ भरलंस, म्हंजे जवळजवळ सगळी. दोन किलोही न भरणारं बाळ आहे ते, हाताच्या तळव्यावर मावतं.

वार्डातली_नवी

अय्यो. १८०० ग्रॅम म्हंजे १८ किलो नाही, १.८ किलो. १००० नी भागायचं तर मी १०० नी भागलं. १.८ गुणिले ४ = ७.२ एमजी. भागिले ४० = ०.१८ एमएल.

हात थंड पडले माझे, खरंच.

उपकेंद्र_धडगाव

पडू दे. ०.१८ बरोबर. आता भर. कुठली सिरिंज घेशील?

वार्डातली_नवी

ट्रॉलीवर २ ची असते, ती.

थांबा. २ च्या सिरिंजवर ०.१ च्या रेघा असतात, ०.१८ दिसणारच नाही. १ एमएलवाली, जिच्यावर बारीक शंभर रेघा असतात ती. अठरावी रेघ.

उपकेंद्र_धडगाव

हां. चल, माझ्या बाईला बोलावणं आलं.